रावेतचं पांढरं जनावर

ज्योतीराम सुरवसेला एखादी गोष्ट पहिल्या नजरेत पसंत पडली, असं सांगणारा माणूस रावेतपासून महाळुंग्यापर्यंत शोधूनही सापडला नसता. यात निम्मा दोष स्वभावाचा आणि निम्मा नोकरीचा. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात तो कामाला आहे तिथे मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या रंगवतात. रंगून, भट्टीत भाजून निघालेली प्रत्येक टाकी ज्योतीरामपुढे येते. वर पांढऱ्या ट्यूबलाइटींची रांग, हातात मऊ मोजे, मान जराशी डावीकडे कललेली. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीवरून सरकत जातं आणि जिथे ते किंचित थरथरतं तिथे ज्योतीरामचं बोट पडतं. "दाणा," तो म्हणतो. म्हणजे रंगाखाली धुळीचा कण अडकला. "ओघळ," म्हणतो, म्हणजे रंग गळला. आणि मग तो शब्द येतो, जो तो इतक्या मायेने उच्चारतो की नवख्याला वाटावं, बाळाच्या कानात नाव सांगतोय. "रिजेक्ट."

त्याचं सगळ्यात मोठं भांडण पांढऱ्या रंगाशी. काळा, लाल, निळा यांच्याशी त्याचं जमतं. पांढरा मात्र लबाड. जवळ जाऊन पाहिलं की तो कुठे पिवळट असतो, कुठे निळसर, कुठे दुधात पाणी पडल्यासारखा. एवढ्या वर्षांत ज्योतीरामला मनासारखा पांढरा भेटलेला नव्हता. हे दुःख त्याने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. ते घरच्यांनी नुसतं भोगलं. इडली ताटात पडली की तो ती खिडकीकडे धरून बघायचा. लेकीच्या, वर्षालीच्या लग्नात जावयाच्या पांढऱ्या शेरवानीची बाही त्याने मांडवातल्या दिव्याखाली धरली आणि भटजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "याला शेड आहे." लग्न झालं, पण जावई अजून सासऱ्यासमोर पांढरं घालत नाही.

वर्षाली सासरी कोल्हापूरला गेली आणि रावेतच्या सहाव्या मजल्यावरचं घर शांत झालं. विजयश्री, म्हणजे ज्योतीरामची बायको, म्हणायला लागली, "एखादं काहीतरी पाळू या हो. घरात आल्यावर कोणीतरी आपल्याकडे बघावं. तुमच्यासारखं नाही, प्रेमानं."

ज्योतीरामने ते कानाआड केलं. मग एका रविवारी दुपारी तो मारुंजीला एक जुनं टेबल बघायला गेला. टेबलाचा मालक दिग्विजय, हिंजवडीत नोकरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा एक दाढीवाला मुलगा. टेबलाच्या कोपऱ्यावर ओरखडा होता. तो ज्योतीरामला दारातूनच दिसला आणि व्यवहार तिथेच संपला. तो वळणार इतक्यात भिंतीपाशी ओळीने ठेवलेल्या काचेच्या पेट्यांतल्या एकीत काहीतरी हललं.

पांढरं होतं. ज्योतीराम सवयीने वाकला, मान डावीकडे कलली, आणि तशीच राहिली.

"बॉल पायथन आहे काका," दिग्विजय म्हणाला. "अजगराचाच भाऊबंद, पण परदेशी आणि आटोपशीर. विष नाही. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, हे चालतात, सरकारकडे नोंद केली की झालं. हा रंग दुर्मिळ असतो. पिल्लं आहेत तीन, द्यायचीच आहेत."

"रंग कुठला मारलाय?" ज्योतीरामने विचारलं.

"मारलेला नाही काका. जन्मतःच असा."

ज्योतीराम त्या संध्याकाळी घरी आला तो टेबलाविना आणि एखाद्या कॉलेजकुमारासारखा भिरभिरलेला. दिवे लागले होते. विजयश्री कणीक मळत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू म्हणत होतीस ना, काहीतरी पाळू या. मी एक जनावर बघून आलोय. पांढरं."

विजयश्रीचे हात परातीतच थांबले. "खरं?"

"पांढरंशुभ्र. पिल्लू आहे अजून."

"अगंबाई. केस गळतात का पण?"

"केस गळायचा प्रश्नच नाही."

"आवाज करतं का? खालच्या काळे काकू लगेच ग्रुपवर टाकतील."

"शांत आहे एकदम. पेटीत गपचूप पडून राहील."

"पेटीत कशाला बिचारं," विजयश्री म्हणाली. "माझं म्हणणं, घरभर मोकळं फिरू दे. रात्री गारठलं तर माझ्या पांघरुणात घेईन मी."

ज्योतीरामला गहिवरून आलं. इतकी वर्षं आपण हिच्या भाजीत मीठ शोधत बसलो आणि हिच्या काळजात केवढं धाडस आहे ते पाहिलंच नाही, असं वाटून त्या रात्री त्याने भाजीला चक्क काही नाव ठेवलं नाही. विजयश्रीला वाटलं, ताप आला.

पुढच्या रविवारी निवड झाली. ज्योतीराम कंपनीचे मऊ मोजे आणि बॅटरी घेऊनच मारुंजीला पोचला. दिग्विजयने तीन पिल्लं तीन टोपल्यांत मांडली. ज्योतीरामने बॅटरी तिरपी धरली, जशी टाकीवर धरतात, आणि पहिल्याच्या अंगावरून उजेड हळूहळू सरकवला.

"याच्या पाठीवर पिवळी शेड आहे."

"पाठीवर थोडी असतेच काका."

"असतेच म्हणूनच रिजेक्ट."

दुसऱ्याच्या शेपटीजवळ एका खवल्याची कड दुमडलेली निघाली. त्या पिल्लाने ज्योतीरामकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याच्या घराण्यालाच नावं ठेवलीत. "पॉलिश करूनही जाणार नाही," ज्योतीराम म्हणाला आणि तिसऱ्याकडे वळला.

तिसऱ्यावर उजेड पडला मात्र, आणि त्याने अंगाची घट्ट गुंडाळी करून डोकं आत खुपसलं. झाला एक चेंडू. कापसाचा, मोगऱ्याचा, ताज्या चुन्याचा, कशाचाही म्हणा. ज्योतीराम टोपलीभोवती एक फेरी मारून आला. प्रतिबिंब कुठेच थरथरलं नाही. पिवळं नाही, निळसर नाही, दुधात पाणी नाही. फक्त तोंड तपासायचं राहिलं, आणि तोंड काही बाहेर येईना.

"थांबा, मी सोडवतो," दिग्विजय म्हणाला.

"नको," ज्योतीराम म्हणाला. "लाजतंय ते. राहू दे." आणि पूर्ण तपासणी न करता त्याने आयुष्यातला पहिला माल पास केला.

घरी विजयश्रीने उंबऱ्यात रांगोळी काढली होती. हातात निरांजनाचं ताट, त्यात हळदकुंकू. गॅलरीत मऊ गादी. आणि एक स्टीलची वाटी, जिच्यावर तिने भांड्याच्या दुकानातून नाव घालून आणलं होतं, 'मोती'. ज्योतीराम कापडी पिशवी छातीशी धरून आत आला. तिने ओवाळलं. मग पिशवीच्या तोंडातून एक पांढरं, बोटाएवढं, निळ्या डोळ्यांचं डोकं बाहेर आलं आणि त्याने जीभ काढून निरांजनाचा वास घेतला.

ताट खाली पडलं नाही, हे विजयश्रीचं मोठेपण. तिने ते शांतपणे टीपॉयवर ठेवलं, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर चढून बसली. पुढची सगळी बोलणी ओट्यावरून झाली.

"तुम्ही जनावर म्हणालात."

"जनावरच आहे."

"मी कुत्रं समजले."

"कुत्र्याला कुत्रं म्हणतात," ज्योतीराम म्हणाला. "आमच्या गावाकडे, भूमला, दिवे लागल्यावर याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की येतं म्हणतात. म्हणून जनावर म्हणायचं. दिवसा जनावर म्हणजे गोठ्यातलं, दिवे लागल्यावर जनावर म्हणजे हे. मी आलो तेव्हा दिवे लागले होते की नाही?"

"माझा जन्म निगडीचा," विजयश्री म्हणाली. "तिथे दिवे लागल्यावर फक्त पाणी जातं."

ओट्यावरून ती नवऱ्याकडे बघत होती. हा माणूस त्या पिशवीकडे जसा बघत होता तसं त्याने कधी पगाराकडेही बघितलं नव्हतं. शेवटी तिने निकाल दिला, आणि तो वरच्या कोर्टात ढकलला. "संक्रांतीला आई यायच्यात. त्या या हॉलमध्येच झोपतात. तोवर ठेवा. त्या हो म्हणाल्या तर राहील. त्यांनी याच्यापायी एक घोट पाणी जरी कमी प्यायलं, तर दुसऱ्या दिवशी हे मारुंजीला."

वरचं कोर्ट म्हणजे ज्योतीरामच्या आई कौशल्याबाई. नागपंचमीला त्या चाकू-विळीला हात लावत नाहीत, शेताच्या कडेच्या वारुळाला वळसा घालून जातात, आणि एकदा चुलीपाशी निघालेल्या जनावराला त्यांनी हात जोडून, घर सोडून, शेजारी दोन दिवस मुक्काम केला होता. निकाल काय लागणार हे विजयश्रीला ठाऊक होतं. म्हणूनच ती ओट्यावरून खाली उतरली.

पिल्लाचं नाव मोतीच राहिलं. वाटी बदलून देत नव्हते.

मग ज्योतीराम मोतीला माणसाळवायला बसला. दिग्विजयने सांगितलं होतं, सुरुवातीला त्याला एकटं सोडा, ते खायला लागलं की मग हळूहळू हात द्या. पण एकटं सोडणं हा प्रकार तपासणीच्या धंद्यात बसत नाही. ज्योतीरामने काचेच्या पेटीवर दोन पांढऱ्या ट्यूबलाइटी बसवल्या, थेट कारखान्यासारख्या. शिफ्टवरून आला की खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचा, मान डावीकडे कललेली. मोती चेंडू होऊन कोपऱ्यात. समोर मोतीच्या वाटीत उंदीर.

उंदरांची कथा वेगळीच. ते यायचे दिग्विजयकडून, बर्फात गोठवलेले. घरी साठवायची सोय नव्हती, कारण विजयश्रीने सांगितलं होतं की तिच्या फ्रिजमध्ये उंदीर गेला त्या दिवशी ती बाहेर. म्हणून ज्योतीराम दर आठवड्याला मारुंजीला जाऊन बर्फाने भरलेल्या थर्मासमधून एक ताजा ऐवज आणायचा, घरी कोमट पाण्यात धरून ऊब द्यायचा आणि वाटीत मांडायचा. मोती बघायचाही नाही.

एकदा त्याची दुसरी शिफ्ट होती आणि तो मारुंजीहून थेट कंपनीत गेला. गेटवर सिक्युरिटीचा भीमराज उभा. थर्मास दिसला की दारूचा वास घ्यायचा, असा त्याचा नेम. त्याने झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि तसाच थांबला. मग झाकण हळुवार लावून ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुरवसे भाऊ," तो म्हणाला, "कँटीनची भाजी एवढी वाईट नाही राव."

दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या विलासने स्वतःच्या डब्यातली पोळी त्याच्यापुढे सरकवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी माहेरी गेल्यात का, भावा?" कँटीनवाल्याने मनाला इतकं लावून घेतलं की त्या आठवड्यात पनीर झालं. सगळ्या शिफ्टने मोतीचे आभार मानले, न जाणता.

मोती मात्र उपाशीच. घरी एक निराळीच गंमत घडत होती. ज्योतीराम आल्यावर दार हळू लावायचा. चप्पल आपटायचा नाही. टीव्हीचा आवाज कमी. पेटीशी बोलायचा, तेही इतकं हळू की विजयश्रीला वाटे घरात पाहुणे आलेत. भाकरी करपली तरी नजर पेटीकडे. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते माणसाळेल तेव्हा माणसाळेल. तुम्ही मात्र माणसाळायला लागलात."

"खात नाही गं ते," ज्योतीराम म्हणाला. त्याचा आवाज असा उतरला होता की विजयश्रीने एक क्षण त्या चेंडूकडे प्रेमाने पाहिलं आणि लगेच स्वतःला सावरलं.

संक्रांत जवळ आली. आईला सांगणं भाग होतं. दुसऱ्या शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत ज्योतीराम लॉकरच्या खोलीत शिरला. या खोलीला खिडकी नाही. आत सदा तोच पांढरा उजेड, बाहेर ऊन आहे की चांदणं याचा पत्ता नसतो. शिफ्ट आत्ताच तर सुरू झाली, असं मनाशी धरून त्याने फोन लावला.

"आये, काय करतीस?"

"बसलेय. तुजं काय?"

"घरात एक जनावर आणलंय."

"कसलं?"

"पांढरं."

"अंगभर?"

"अंगभर. डाग नाही कुठं."

"कुटं ठिवलंय?"

"हॉलमध्ये."

"मग मी कुटं निजू?"

"तिथंच. गरीब आहे ते, आये."

"खातंय का?"

"तेच तर. तोंड लावत नाही."

"इजू काय म्हणती?"

"ती म्हणते, आई म्हणतील तसं."

"बरं. आल्यावर बगू. येताना घिऊन येते त्याच्यासाटी कायतरी."

फोन ठेवला आणि ज्योतीरामला हायसं वाटलं. ते साधारण लॉकर बंद करेपर्यंत टिकलं. आई घाबरली नाही. चावतं का, विचारलं नाही. अंगभर पांढरं का, एवढं मात्र विचारलं. दिवसा जनावर म्हणजे गोठ्यातलं. अंगभर पांढरं म्हणजे खिलार. आपल्या लेकाने सहाव्या मजल्यावर, हॉलमध्ये, सोफ्याशेजारी खिलारी कालवड बांधली आहे, अशी म्हातारीची समजूत झाली होती आणि ती त्याच्यासाठी आता सरकीची पेंड घेऊन निघणार होती.

परत फोन करून सांगावं, असं त्याला रोज वाटायचं. रोज टाक्यांवर दाणे जास्त निघायचे.

भोगीच्या दिवशी दुपारी वल्लभनगर स्टँडवर भूमची गाडी लागली. कौशल्याबाई उतरल्या. पाठोपाठ एक पोतं उतरलं आणि त्याच्यावर दोरखंडाने करकचून बांधलेली काळी घोंगडी. ज्योतीरामची नजर दोरखंडावर खिळली. दावं, तो मनात म्हणाला. दावं आणि झूल. पाया पडायच्या निमित्ताने वाकून त्याने पोत्याचा वास घेतला. ज्वारीचं पीठ, बोरं, तीळ. पेंड नव्हती. बहुतेक तळाशी असावी.

रिक्षात त्याने हळूच सुरुवात केली. "आये, ते जनावर दूधबीध देत नाही बरं का."

"कोन म्हणलं देतंय म्हणून?"

"नाही, म्हणजे, लहान आहे अजून."

"सहा मजलं वर चढवलंस कसं?"

"पिशवीतून."

"पिशवीतून," कौशल्याबाई म्हणाल्या. "गुदमरलं असंल की रं."

पिशवीत मावणाऱ्या कालवडीवर आईचा विश्वास बसतोय हे पाहून ज्योतीरामला स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर कौशल्याबाईंनी पाय धुतले. विजयश्रीने तांब्याभर पाणी दिलं आणि समोर उभी राहिली, किती घोट जातात ते बघत. अर्धा तांब्या गेला. मग कौशल्याबाई हॉलमध्ये आल्या. दोन ट्यूबलाइटींच्या लख्ख उजेडात काचेची पेटी, पेटीत वाटी, वाटीत ज्योतीरामने सकाळी मांडलेला उंदीर, आणि कोपऱ्यात पांढरा चेंडू.

त्या दारातच थांबल्या. पदर डोक्यावर घेतला. लांबूनच हात जोडले.

"पांढरं हाय खरं," त्या म्हणाल्या.

ज्योतीराम त्यांच्याकडे बघत राहिला. "आये, तुला माहीत होतं?"

"म्हंजे?"

"मला वाटलं, तुला खिलार वाटलं."

"सहाव्या मजल्यावर खिलार? तू येडा हाईस का मी?" कौशल्याबाईंनी खरंच काळजीने विचारलं. "तुजा फोन आला तवा मी तुळशीपुढं दिवा लावून बसले व्हते. दिवे लागल्यावर जनावर म्हणलास. दुसरं काय असतंय मग?"

ज्योतीरामला तेव्हा कुठे उमगलं की लॉकरच्या खोलीबाहेर त्या वेळी सूर्य मावळला होता.

"पण आई," विजयश्री पुढे सरसावली. तिचा खात्रीचा निकाल हातातून निसटत होता. "तुम्हाला भीती वाटते ना? मग नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात की उद्याच मारुंजीला."

कौशल्याबाई सोफ्यावर टेकल्या. बोलल्या ते सुनेला उद्देशून. "ह्यो आंबा सोलायच्या आधी आंब्याची साल तपासणारा. शाळेचं दप्तर तीनदा परत केलं. तुला पसंत करायला यानं दोन दिवाळ्या घालवल्या."

"दोन?" विजयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं.

"तो विषय नको आत्ता," ज्योतीराम म्हणाला.

"तर त्या दिवशी फोनवर म्हणाला, डाग न्हाई कुटं. जन्मात पहिल्यांदा मी याच्या तोंडून हे ऐकलं. याला खोट सापडली न्हाई, तर मी कशाला काडू? राहू दे." मग त्या उठल्या आणि दोरखंड सोडायला लागल्या. "पर हो म्हणलेय ती ठिवायला. तोंड बघायला न्हाई. मला हितं निजायचंय. त्यानं त्याच्या घरात बसावं, मी माज्या."

त्यांनी त्याच्यासाठीच आणलेली घोंगडी झटकली, बाजूने तिरक्या चालत, डोळे मिटून पेटीपाशी गेल्या आणि ती अशी पांघरली की काचेचा एक कोपरासुद्धा उघडा राहिला नाही. सासऱ्यासमोर नव्या सुनेने घ्यावा तसा पदर मोतीला मिळाला. वर ट्यूबलाइटीचं बटणही बंद केलं. "केवढा उजेड ह्यो. लगीनघर हाय का?"

"आये, मग मी तपासू कसं?"

"तपासतूस काय? ते कंपनीतलं हाय व्हय?"

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. ज्योतीरामने लोणी दिव्याकडे धरायला उचललं आणि आईच्या नजरेने परत ठेवलं. कौशल्याबाई जेवल्या, पाणी प्यायल्या, वर ताक मागून घेतलं. विजयश्री घोट मोजायचं विसरून गेली होती. ती अजून त्या दोन दिवाळ्यांचा हिशोब लावत होती.

मग घोंगडीखालून खसफस ऐकू आली. कोणीतरी पेटीत अंथरलेल्या पानांवरून सरकत होतं. पुन्हा शांतता.

ज्योतीराम हात धुवायच्या आधीच उठला. घोंगडीचं टोक बोटभर उचललं. वाटी रिकामी होती. तिच्याशेजारी मोती लांबच्या लांब पसरला होता, चेंडू नव्हे, एक आख्खा साप, आणि त्याच्या अंगात मध्यभागी एक छान फुगवटा होता. नुकत्याच जेवलेल्या माणसाचं असतं तसं सुस्त, तृप्त तोंड.

"खाल्लं," तो म्हणाला.

विजयश्री त्याच्या खांद्यावरून वाकली. इतक्या जवळ ती पहिल्यांदाच आली होती. "वाटी कामी आली म्हणायची," ती म्हणाली, आणि नंतर जरा थांबून, "अजून एक घालायचा का हो? पोट भरलं असेल ना?"

"आता बघत बसू नका त्याच्याकडं," कौशल्याबाई पाठ फिरवून बसल्या जागेवरून ओरडल्या. "जेवनावर नजर लागती."

ज्योतीरामने दिग्विजयला फोन केला. दिग्विजय म्हणाला, "काका, त्यांना अंधार आणि आडोसा लागतो, तेव्हाच खातात. मी सांगितलं होतं की. तुम्ही लाइट लावला होता का?" ज्योतीराम म्हणाला, रेंज नाही, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ट्यूबलाइटी माळ्यावर गेल्या. घोंगडी पेटीवर कायमची राहिली आणि कौशल्याबाईही संक्रांतीच्या आठवड्यापुरत्या आलेल्या, त्या होळी आली तरी राहिल्या, कारण त्या गेल्या आणि ते परत खायचं थांबलं तर, अशी काळजी विजयश्रीलाच वाटायला लागली. ज्योतीराम शिफ्टवरून येऊन अंधारात पेटीत हात ठेवून नुसता बसायचा. तपासायचा नाही. हात मेल्यासारखा पडलेला. आधी मोती त्याला वळसा घालून जायचा. मग एकदा जीभ लावून गेला. मग एका संध्याकाळी तो मनगटावर चढला, थंड, जड, रेशमी, आणि बाहीत डोकं घालून झोपी गेला. ज्योतीरामला शिंक येत होती. ती त्याने गिळली.

होळीच्या सुमाराची गोष्ट. मोती आता खांद्यावर बसायला शिकला होता. ज्योतीराम त्याला घेऊन गॅलरीत उभा होता आणि मोतीने उन्हाच्या दिशेने, प्रथमच, आपणहून मान उंच केली. हनुवटीखालचा भाग उजेडात आला. ज्योतीरामची मान जुन्या सवयीने डावीकडे कलली, आणि तो थिजला.

मोहरीएवढा, काळा, ठसठशीत डाग.

विजयश्री कपडे वाळत घालत होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग मोतीची हनुवटी पाहिली आणि हातातला शर्ट तोंडाशी धरून हसायला लागली. "आता हो? पॉलिश करून जाईल का हा?"

"तोंड तपासायचं राहिलं होतं," ज्योतीराम क्षीणपणे म्हणाला.

"मग? रिजेक्ट?"

आतून, पाठमोऱ्या बसून शेंगा सोलणाऱ्या कौशल्याबाईंनी विचारलं, "काय झालं रं?"

"हनुवटीखाली काळा डाग आहे, आये."

"डाग कसला," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "एवढं गोरं लेकरू. कुणाची नजर लागू नये म्हणून जन्मतःच तीट लावून आलंय."

ज्योतीरामने मोतीकडे पाहिलं. मोतीने जीभ काढून त्याच्या कानाचा वास घेतला आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी लाइनवर पांढरी टाकी आली. देखणी. ज्योतीरामने मान कलवली, प्रतिबिंब सरकलं, सरकलं, आणि खालच्या अंगाला किंचित थरथरलं. दाणा, मोहरीएवढा. त्याचं बोट तिथे पडलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. चेहऱ्यावर एक हसू आलं, जे त्या लाइनवर कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"तीट," तो म्हणाला.

"काय?" शेजारून विलासने विचारलं.

"काही नाही," ज्योतीराम म्हणाला. "रिजेक्ट."